आधी पाहा, मग सही करा

कोल्हापूर जिल्ह्यातले गगनबावडा, चंदगड, शाहूवाडी. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री बाई बाळंतपणाला आली की समोर बहुधा पंचविशीतला एमबीबीएस डॉक्टर असतो. बाळ सुखरूप होतं आणि मग रक्तस्राव थांबतच नाही. पावसाळ्यात गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं असेल तर बाईला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात हलवायचाही मार्ग उरत नाही. हा डॉक्टर हे एकट्यानं निभावेल, असं कोणी आणि काय पाहून ठरवलं?

कॅलेंडर पाहून ठरवलं.

साडेचार वर्षं शिक्षण, पुढे १२ महिने इंटर्नशिप. २०२१ च्या नियमांनुसार त्यात कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे, बालरोगाचे ३, इमर्जन्सीचे २. आठवडे भरले, हजेरी भरली, लॉगबुकवर सही झाली, कंप्लिशनचा दाखला हातात पडला. सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला पुढे एक वर्षाचं बंधपत्र. काल ज्याच्या पाठीशी अख्खं युनिट होतं, तो आज केंद्रात एकटा उभा.

कागदावर सगळं उत्तम आहे. २०१९ च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. कोणतं कौशल्य नुसतं पाहायचं, कोणतं रुग्णावर स्वतंत्रपणे करता आलं पाहिजे, याची यादी त्यात आहे. पण त्या यादीपुढच्या सह्या पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा कशा होतात, हे इंटर्नलाच विचारा. सही करणाऱ्यानं त्या इंटर्नला टाके घालताना पाहिलेलं नसतं. अध्यापकांची पदं रिकामी, ओपीडी तुडुंब, त्यामुळे दोष एकट्या त्याचाही नाही. इंटर्नचा दिवस रक्ताचे नमुने पोचवण्यात आणि रिपोर्ट आणण्यात जातो. उरलेला जीव नीट-पीजीच्या पुस्तकात.

रात्री याहून वाईट घडतं. देखरेख सैल होते ती वरिष्ठ जागेवर नाही म्हणून. शिकाऊ डॉक्टर तयार झाला का, हे कोणी विचारलेलंच नसतं. याला विश्वास म्हणत नाहीत, वाऱ्यावर सोडणं म्हणतात.

‘पाण्यात ढकललं की पोहता येतंच’ हा काही ज्येष्ठांचा ठरलेला युक्तिवाद. दाखल्याला डॉ. हिंमतराव बावस्कर. बावस्करांनी महाडजवळ बिरवाडीच्या केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांपाशी बसून निरीक्षणं लिहिली, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’नं ती छापली. ही त्यांची चिकाटी. त्यांना एकटं ठेवणाऱ्या व्यवस्थेनं त्याचं श्रेय घेऊ नये. आणि शिकता शिकता गटांगळ्या खातो तो रुग्ण, डॉक्टर नव्हे. एवढं तरी हा युक्तिवाद करणाऱ्यांनी मनात आणावं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये साधी गोष्ट सुचवली: माणसाला सरसकट तयार ठरवू नका, एकेका कामापुरतं ठरवा. त्यातून पाच पायऱ्या झाल्या. नुसतं पाहायचं, वरिष्ठ शेजारी असताना करायचं, हाक मारली की येईल इतक्या अंतरावर वरिष्ठ असताना करायचं, एकट्यानं करायचं, आणि शेवटी दुसऱ्याकडून करून घ्यायचं. एकच इंटर्न सलाईन लावण्यात चौथ्या पायरीवर असेल आणि अडकलेली वार हातानं काढण्यात पहिल्या. कोल्हापूरला हे परकं वाटायचं कारण नाही. तालमीतला वस्ताद पोरानं किती महिने माती अंगाला लावली ते मोजून जोड लावत नाही, त्याचा दम आणि डाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

आणि पाहायचं ते केवळ हाताचं कसब नव्हे. अडलं की हा पोरगा किंवा ही पोरगी रात्री दोनला वरिष्ठाला उठवते का, हे आधी पाहा. ‘सर, मला जमत नाहीये, या’ म्हणणाऱ्याला एकटं ठेवायला मी कचरणार नाही. काहीही न विचारता रेटून नेणाऱ्याला मात्र एका रात्रीसाठीही नाही. आपल्याकडे त्या फोनवर बोलणी बसतात. पुढच्या वेळी फोन येत नाही, आणि मग काय झालं ते सकाळी कळतं. मला यातली सगळ्यांत भयंकर गोष्ट हीच वाटते. कोण विचारतो आणि कोण दडपतो, हे लेबर रूमच्या सिस्टरला आठवड्याभरात कळलेलं असतं. तिचं मत कुठल्याच कागदावर येत नाही.

तेव्हा ‘पोस्टिंग पूर्ण’ हा शिक्का पुरे झाला. जिवावर बेतणारी मोजकी कामं निवडा: बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, जन्मल्यावर न रडणारं बाळ, सर्पदंश, न थांबणारे झटके. प्रत्येकापुढे ‘मी करताना पाहिलं’ असं लिहून, तारीख घालून दोघांनी सही करावी, त्यातली एक सही सिस्टरची. जे काम कोणी पाहिलेलं नाही, त्यापुढची जागा कोरी राहू द्या. ती कोरी जागा भरेपर्यंत त्या डॉक्टरला दुर्गम केंद्रात एकटं धाडू नका. जो जाईल त्याला पहिले सहा महिने एका वरिष्ठाचं नाव आणि नंबर द्या. तो फोन उचलणं त्या वरिष्ठाच्या ड्यूटीच्या तक्त्यात लिहा, आणि उचलला नाही तर त्याची नोंदही तिथंच करा.