पिकअपच्या तेलाची शास्त्रोक्त निवड

प्रस्तुत मार्गदर्शन डिझेल पिकअपच्या मालकांसाठी आहे. ज्यांच्या गाडीच्या मागे ‘आईचा आशीर्वाद’, पुढे लिंबू-मिरची, दोन्ही अंगांना लेकरांची नावं आणि आत कानठळ्या बसवणारे स्पीकर आहेत, पण इंजिनात तेल कोणतं असं विचारलं की ‘चांगलंय’ एवढंच उत्तर मिळतं, त्यांनी ते अंघोळ करून, शांत चित्तानं वाचावं. नारायणगावात टोमॅटोचे कॅरेट भरून माळशेजमार्गे वाशी गाठणारे आमचे दाजी या वर्गात मोडत नाहीत, असं मी ताईला सांगून ठेवलं आहे. ताई हसली.

नियम पहिला : तेल बोटांवर पारखावे. अंगठा आणि तर्जनीत एक थेंब घ्यावा, डोळे बारीक करावेत, खालचा ओठ पुढे काढावा आणि थेंब चोळत दूर कुठंतरी बघावं. मग दोन्ही बोटं सावकाश विलग करावीत. तार आली की मान एकदाच, पण खोल हलवावी. दाजी हा विधी असा काही तन्मयतेनं करतात की दुकानदारही बोलायचा थांबतो. तार येते ती मात्र तीसेक अंशांच्या बोटांवर. चालत्या इंजिनात तेल शंभर अंशांच्या आसपास तापतं. डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा १०० अंशांवर मोजलेल्या दाटपणाचा. आधीचा १५ थंडीतला: उणे २० अंशांना तेल इंजिनाला फिरू देतंय का, उणे २५ ला पंपाला ओढता येतंय का, हे पाहून दिलेला. जुन्नर तालुक्यात एवढी थंडी पडली तर गाडीच्या आधी द्राक्षबागांचं बघावं लागेल. पण शंभर अंश रोजचेच आहेत, आणि तिथं कोणाचं बोट चालत नाही.

नियम दुसरा : तेल जितके जाड, तितकी ताकद जास्त. हा नियम अखिल महाराष्ट्रात मान्य असून खोटा आहे. २०डब्ल्यू-५० ओतलं की इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो आणि मालकाचा जीवही. पहाटे तीनला भाड्यासाठी स्टार्टर मारला की हेच तेल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. झिजलेल्या जुन्या इंजिनाला, कंपनीची परवानगी असेल तर, थोडं जाड तेल समजू शकतो. उलट हल्लीच्या काही गाड्यांना ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. ते पाहून दाजी म्हणाले, “पाव्हणं, हे पाणी आमच्या घाटात टिकायचं नाही.” मी म्हटलं, दाजी, गाडी बनवणाऱ्यानं घाट बघितला असेल. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी चहा मागवला.

नियम तिसरा : डब्याच्या पुढचा ट्रक बघू नये, मागची बारीक अक्षरे वाचावीत. तिथं एपीआय म्हणून दोन-तीन अक्षरं असतात. एस नं सुरू होणारी पेट्रोलची, सी नं सुरू होणारी डिझेलची. डिझेलमध्ये १९९८ चं सीएच-४, २००२ चं सीआय-४, २००६ चं सीजे-४ आणि २०१६ च्या डिसेंबरात आलेलं सीके-४ अशी चढती भाजणी आहे. मागच्याच्या जागी पुढचं चालतं, पुढच्याच्या जागी मागचं नाही. त्याच सुमारास आलेलं एफए-४ मात्र या रांगेतलं नाही, कंपनीनं नाव घेऊन सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नये. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर आणखी सांभाळावं. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. अडकलेली काजळी जाळून टाकता येते, पण तेलातल्या रसायनांची राख जळत नाही, ती तिथंच साचते. म्हणून सीजे-४ पासून राखेवर एक टक्क्याची मर्यादा आली. जुन्या प्रतीचं तेल घेऊन डब्यामागं जे पैसे वाचतात, ते गाळणी बदलताना सव्याज परत जातात.

नियम चौथा : सुट्टे तेल घेऊ नये. सील बघून डबा घ्यावा, रिकामा झाला की फोडून टाकावा. नाहीतर तोच डबा भरून परत दुकानात येतो.

नियम पाचवा पट्टीचा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं झालेली, पट्टी एकदा पुसून पुन्हा बुडवलेली, असं शास्त्र आहे. दाजी दारापुढच्या उतारावर बघतात. तेल काळं दिसलं की हळहळतात. वास्तविक डिझेलच्या इंजिनात नवं तेल थोड्याच किलोमीटरांत काळं होतं, कारण काजळी अंगावर घेणं हेच त्याचं काम. काळजी करायची ती दुधाळ दिसल्यावर, म्हणजे पाणी शिरलंय. आणि एकदा पट्टीवर पातळी खुणेच्या वर दिसली तेव्हा दाजी खूश झाले, “बघा, एक थेंब खात नाही, उलट वाढलंय!” अहो, तेल वाढत नसतं. डिझेल उतरतंय त्यात.

एवढं असून एक गोष्ट दाजींना कोणी शिकवावी लागली नाही. परतीला माळशेज चढून खुबी फाट्यावर चहाला थांबले की ते चावी लगेच फिरवत नाहीत. मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं गुरगुरत ठेवतात, कान लावून ऐकतात, मग बंद. “घाट चढून आलेल्या बैलाला लगेच पाणी दाखवत नाहीत,” एवढंच त्यांचं म्हणणं. पुस्तकात याचं कारण आहे: इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल तिथंच करपतं. मी हे वाचून सांगायला गेलो तेव्हा ते बशीत चहा ओतत होते.

पुस्तक म्हणजे गाडीसोबत येतं ते. कोणतं तेल, किती लिटर, किती किलोमीटरला बदलायचं, सगळं त्यात आहे; ओव्हरलोड, धूळ, घाट असेल तर आधी बदला असंही. दाजींचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, अंगाऱ्याच्या पुड्या आणि टोलच्या पावत्यांखाली, अजून प्लॅस्टिकात आहे. ते ताईनं काढून वाचलं. तेलासोबत फिल्टरही दर वेळी बदलायचा, हे तिला तिथंच कळलं. दाजी फिल्टर ‘पुढच्या वेळी’ बदलणारे. हॉर्नला मात्र त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. तेव्हा आता फिल्टर आला की ताई हिशेबाच्या वहीत ‘हॉर्न’ लिहिते, आणि दाजी न कुरकुरता पैसे काढून देतात.