क्रॉसिंगवाले आप्पा

खानदेशातून पोटासाठी सुरतेला यायचं, डाइंग मिलमध्ये कलर मास्टरच्या हाताखाली हयात घालवायची आणि रिटायर झाल्यावर मिठी खाडीच्या काठाने रानफुलांची लफडी शोधत फिरायचं. लिंबायतचे आप्पा हे असे.

घाणेरीचं झुडूप दिसलं की आप्पा थबकतात. गुच्छात मध्ये पिवळी फुलं, कडेला गुलाबी, दोघांच्या मध्ये नारिंगी. ‘देख भो, पिवळं अन् गुलाबी मिळनं, नारिंगी उतरनं. हाई क्रॉसिंग शे!’ मिलमध्ये आप्पांची शेड कधी चुकली नाही, मग देवाची कशी चुकेल?

कॉलेजातल्या पोराने सांगून पाहिलं की आप्पा, तो रंग वयाचा; फूल पिवळं उमलतं आणि जुनं झालं की गुलाबी होतं. आप्पा म्हणाले, ‘तू पुस्तक वाचस, मी रंग वाचस.’

संकराचा, म्हणजे आप्पांच्या क्रॉसिंगचा, संशय आला तर अभ्यासक परागकण रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. संकराचे बरेचदा पोकळ निघतात, रंग धरत नाहीत. हे ऐकून मात्र आप्पा गंभीर झाले. ‘रंग धरत नई? म्हणजे माल रिजेक्ट.’

पण सगळाच माल रिजेक्ट होत नाही. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ट्रॅगोपोगॉन या रानफुलाच्या तीन जाती वॉशिंग्टन-आयडाहोच्या सीमेवर शेजारी आल्या. संकर झाले ते जवळजवळ वांझ. पण काहींची गुणसूत्रं दुप्पट झाली, 12ची 24, आणि बी धरू लागलं. 1950मध्ये मॅरियन ओनबी यांनी त्यांतून दोन नव्या जाती जाहीर केल्या. मायदेशी जे जमलं नाही ते परमुलखातल्या शेजाराने जमवलं.

‘म्हणजे आपलं लिंबायतच!’ आप्पा खूश. त्यांच्या एका वाक्यात अहिराणी, गुजराती आणि हिंदी सुखाने नांदतात. पुतण्याच्या सोयरिकीचा विषय निघाला की मात्र कूळ, पोटजात, मामाचं गाव, सगळं तपासलं जातं. तिथे क्रॉसिंग चालत नाही.

आणि एवढं करून घाणेरीचा निकाल आप्पांच्याच बाजूने लागतो! ही बया मूळची अमेरिका खंडातली. युरोपातल्या बागांत अनेक जातींच्या संकरातून घडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून भारतात आली. आप्पांचं कारण साफ चूक, उत्तर बरोबर.

लिंबायतला गेलात तर हे त्यांच्या कानावर घालू नका. आधीच कुणाचं ऐकत नाहीत.