जुन्या दाराचं नवं टेबल

पांढुर्ण्यात घर पाडायला काढलं की आधी सागवान बघणारा येतो, मग मलबा उचलणारा. कवेलू कुणालाच नको असतात. आमचं दारही असंच मातीमोल गेलं आणि परवा नागपुरात एका दिवाणखान्यात भेटलं. वर काच, खाली लोखंडी पाय, नाव ‘बहुउपयोगी फर्निचर’. कडी मात्र तीच, तिच्यात कागदी रुमाल खोचलेले.

बहुउपयोगी! याची एक फळी निखळली तेव्हा आजीनं तिच्यावर कुरडया वाळवल्या, पाहुणे वाढले की तीच पाट व्हायची. याला डिझाइन म्हणतात हे माहीत असतं तर म्हातारीनं बिल लावलं असतं.

तसा जुन्या मालातून नवं काढण्यात आमचा भाग मागे नाही. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके सोडवून जिल्हा जोडला. माल जुना, पाटी नवी. जाम नदीचे गोटे पायाच्या भरावालाही चालतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत डोक्यालाही.

किंमत विचारली. यजमान म्हणाले, “जुनं आहे ना, म्हणून महाग.”

आमच्याकडून नेताना भाव पाडायला हेच कारण सांगितलं होतं.