साबुदाण्याएवढा पिक्सल आणि दहा फुटी बाप्पा

एआयने काढलेले चित्र मोठे करू इच्छिणाऱ्याने आधी ते किती लहान आहे, याची खात्री करून घ्यावी. मोबाइलवर ही खात्री होत नाही. तिथे सगळेच झकास दिसते. त्यासाठी फ्लेक्सच्या दुकानात जावे लागते. तिथला डिझायनर कोरल ड्रॉमध्ये दहा बाय दहा फुटांचे पान उघडतो, चित्र कोपऱ्याला धरून ताणतो आणि मान न वळवता म्हणतो, ‘‘दादा, पिक्सल फुटतायत. ओरिजिनल नाही का?’’

मंडळाचा कार्यकर्ता इथे गडबडतो. फोटो असता तर ओरिजिनल कुणाच्या तरी कॅमेऱ्यात सापडले असते. पण चांद्रयानातून उतरणारा हा बाप्पा काल रात्री साडेअकराला, एक वाक्य टाइप केल्यावर अवतरलेला. त्याचे ओरिजिनल म्हणजे हेच, १०२४ बाय १०२४ पिक्सल. २०२२ साली आलेल्या स्टेबल डिफ्यूजनची पहिली मॉडेले तर ५१२ पिक्सलांच्या चौकोनात रमायची. त्याहून मोठे चित्र थेट मागितले की एका धडावर दोन डोकी येत, किंवा एकावर एक दोन धडे. पुढच्या वर्षीच्या एसडीएक्सएलने हा चौकोन १०२४ वर नेला. गंमत अशी की आत चित्र त्या मापाचेही नसते. मॉडेल सगळी खटपट १२८ बाय १२८ च्या सांकेतिक जाळीवर करते आणि शेवटी एक डिकोडर तिची लांबी-रुंदी आठ-आठ पट करून चित्र बाहेर काढतो. ओरिजिनल म्हणून मिरवणारे चित्रच मुळात फुगवलेले असते. डिझायनरला हे सांगू नये.

आता हिशेब. दहा फूट म्हणजे १२० इंच. छापखान्याचा ३०० डीपीआयचा नियम पाळायचा तर एका बाजूला ३६,००० पिक्सल हवेत आणि एकूण १२९ कोटी ६० लाख. हाताशी आहेत १० लाख ४८ हजार ५७६. आहेत तेवढेच दहा फुटांवर पसरले तर एकेक पिक्सल सुमारे तीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे कच्च्या साबुदाण्याएवढा. जवळून हे भयंकर दिसते. मात्र निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंतचेच ठिपके वेगळे ओळखतो. पस्तीस फुटांवरून तीन मिलिमीटर म्हणजे जवळपास तेवढेच. त्यामुळे रिझोल्यूशन वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मागे सरकणे हा आहे. तो कुणालाच पटत नाही, कारण मंडळाचे अध्यक्ष फ्लेक्स हातभर अंतरावरून, चष्मा कपाळावर सरकवून तपासतात.

म्हणून पुढची कृती. जुनी रीत बायक्यूबिकची. नवा पिक्सल घालायचा असेल तिथे आजूबाजूच्या सोळा पिक्सलांना विचारून सरासरीसारखा रंग भरायचा. प्रामाणिक पद्धत आहे, नवे काही बनवून सांगत नाही. त्यामुळे चित्र दुधात बुडवलेल्या पावासारखे मऊ पडते. २०१४ पासून न्यूरल नेटवर्क या धंद्यात उतरली. आज फुकट मिळणाऱ्या अपस्केलसारख्या प्रोग्रॅममागे २०२१ चे रिअल-ईएसआरगॅन असते, आणि त्याची शाळा मोठी मजेदार आहे. चांगली चित्रे घ्यायची, ती मुद्दाम धुरकट करायची, लहान करायची, त्यांत दाणे पेरायचे, जेपेगने चेपायची आणि मग मशीनला म्हणायचे, आता कर पूर्ववत. थोडक्यात, फॉरवर्ड होत होत जी गत गुड मॉर्निंगच्या गुलाबाची होते, तीच इथे शिस्तीत करून दाखवतात. असे असंख्य वेळा केल्यावर मशीनला अंदाज येतो की धुरकट पट्ट्याच्या जागी बहुधा केस असतात आणि धुरकट ठिपक्याच्या जागी बहुधा मोती.

‘बहुधा’ हा शब्द इच्छुकाने लक्षात ठेवावा. चित्र चौपट केले की पिक्सल सोळापट होतात, १ कोटी ६७ लाखांच्या वर. त्यातल्या दर सोळांमागे पंधरा अंदाजाचे.

हौशी मंडळी इथे थांबत नाहीत. ती चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा पुन्हा डिफ्यूजनमधून काढतात. त्यात ‘डीनॉइझ’ नावाची एक खुंटी असते, शून्य ते एक. ०.२ ते ०.३ वर ठेवली तर मखराच्या लाकडाला रेषा येतात, शेल्याला विणकर भेटतो. ०.६ च्या पुढे पिळली तर अनर्थ. प्रत्येक तुकड्याला फक्त आपली चौकट दिसते, पण ‘गणपती काढ’ हा हुकूम सगळ्यांनाच ऐकू गेलेला असतो. मग मोदकाच्या कळ्यांत एक छोटा गणपती, खांबावर दुसरा, मूषकाच्या पाठीवर तिसरा. चराचरात देव असल्याचे इतके तांत्रिक प्रत्यंतर एरवी मिळत नाही. फ्लेक्सवर मात्र ते चालत नाही.

चित्रातल्या चुका मोठे केल्याने जात नाहीत, त्यांना प्रतिष्ठा मिळते. सेवेकऱ्याचे सहावे बोट आधी धुरकट होते तेव्हा सावली म्हणून खपत होते. चौपट झाल्यावर त्याला नख येते, नखाला चंद्रकोर. कमानीवर एआयने लिहिलेला मजकूर तसाच. शिरोरेषा ताठ, खाली मात्र कुठल्याही बाराखडीत न बसणारी अक्षरे, आणि आता ती कमालीची सुबक. हा मजकूर चित्रातून पुसून टाकावा आणि ‘मॅटर’ डिझायनरकडून कोरलमध्येच टाइप करून घ्यावे. तिथली अक्षरे बाह्यरेषांची असतात, कितीही ताणली तरी फुटत नाहीत. या सबंध मार्गदर्शनात बिनशर्त पाळावी अशी सूचना हीच.

बाप्पापुरते हे सारे निर्धोक आहे. जिथे ओरिजिनलच नाही तिथे अंदाज चुकला म्हणायला आधार कुठला? भानगड फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात होते. तिथे कैलासवासी संस्थापकांचा फोटो लागतो, जुन्या ग्रुप फोटोतून कापलेला, चेहरा मोजून चाळीस पिक्सल रुंद. हात लागल्यासरशी कार्यकर्ता तोही मशीनमध्ये घालतो. बाहेर पडतात ते तुकतुकीत कांतीचे, कोरलेल्या भुवयांचे एक गृहस्थ. रुबाबदार आहेत, पण संस्थापकांच्या घरचे कुणी त्यांना ओळखत नाही.

२०२० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची पद्धत मांडली, १६ बाय १६ च्या ठिपक्यांतून १०२४ बाय १०२४ चा चेहरा देणारी. लोकांनी तिला बराक ओबामांचा पिक्सल फुटलेला फोटो दिला. तिने एक गोरा माणूस परत केला. पद्धतीच्या दृष्टीने तिचे काही चुकले नव्हते. तो गोरा चेहरा लहान केला तर तेच ठिपके मिळतात. २०२४ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयापुढे एका तिहेरी खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ आला, तेव्हा न्यायाधीशांनी तो पुरावा म्हणून दाखवायला परवानगी नाकारली. फ्लेक्सच्या दुकानात असा न्यायाधीश बसत नाही. तेव्हा संस्थापकांचा फोटो आहे तसाच, लहान चौकटीत लावावा. धुरकट असले तरी ते तेच असतात.

राहिली पोचवणी. तयार फाईल पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवून पेनड्राइव्हवर न्यावी, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. गॅलरीतून फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सअ‍ॅप तिला वाटेतच आकसवते आणि रात्रभराची कमाई दुकानात पोचेपर्यंत वितळते. कार्यकर्ता अर्थातच गॅलरीतूनच पाठवतो. डिझायनर पाहतो, सुस्कारा टाकतो आणि प्रिंट सोडतो, कारण चतुर्थी उद्यावर आलेली असते आणि मशीनवर अजून अकरा बाप्पा रांगेत असतात. मध्यरात्री फ्लेक्सला आयलेट ठोकली जातात आणि तो चौकातल्या खांबावर चढतो. समोरची चहाची टपरी रस्त्यापलीकडे, चाळीस फुटांवर. सकाळी टपरीवाला पहिले आधण ठेवता ठेवता वर बघतो आणि म्हणतो, ‘‘यंदा क्लिअर आलाय बरं का.’’