पैसे आले, हीच तक्रार

आमच्या सोसायटीतल्या एका पोरानं मध्यंतरी एका अॅपवरून थेट अनोळखी खरेदीदाराला चाळीस हजारांचे यूएसडीटी विकले. यूएसडीटी म्हणजे टेदर, डॉलरच्या दावणीला बांधलेलं आभासी नाणं. पैसे दोन मिनिटांत यूपीआयनं आले. मोजून चाळीस हजार, वर बाजारभावापेक्षा डॉलरमागे दोन रुपये जास्तच. पोरगं इतकं खूश की मला मिसळ खाऊ घातली. मीही खाल्ली. त्यामुळे या प्रकरणात मी किरकोळ लाभार्थी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नवव्या दिवशी तो पेट्रोल पंपावर क्यूआर स्कॅन करत होता. एकदा फेल, दोनदा फेल. टाकीत तीनशेचं पेट्रोल आधीच पडलेलं, मागे रिक्षावाल्यांचे हॉर्न. शेवटी मित्राला फोन करून पैसे मागवले. बँकेत गेला तर काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनकडे बघतच सांगितलं, "होल्ड आहे. सायबरकडून आलंय. आमच्या हातात काही नाही." पगार त्याच खात्यात, घराचा हप्ताही त्याच खात्यातून.

झालं होतं असं. परराज्यातल्या कुणा निवृत्त गृहस्थांना कुणीतरी फोनवरून गंडवलं. त्यांनी १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यांचे पैसे आधी एका भाड्याच्या खात्यात गेले, तिथून फुटून पाच-सहा खात्यांत आणि त्यातले चाळीस हजार आमच्या पोराकडे. रुपया जिथे जातो तिथे पाऊल उमटवतो. पोलीस ती पावलं मोजत आले आणि या दारात थांबले, कारण पुढे पाऊलच नाही. नाणी केव्हाच कुठल्याशा वॉलेटमध्ये पसार. ती ओढून परत आणणं सोपं नाही. नाव, पत्ता, पॅन, आधार सगळं असलेला शेवटचा माणूस उरला तो आमचा.

विकणाऱ्याला भीती असते ती पैसे न येण्याची. ती भीती खरी आहे, पण तो भुरट्यांचा धंदा. बनावट स्क्रीनशॉट पाठवतात, बँकेचा म्हणून दहा आकडी मोबाईल नंबरवरून मेसेज करतात, दमडी न देता ‘पेमेंट केलं’ हे बटण दाबतात आणि मग सुरू होतं, "भैया, रिलीज करो ना, माँ हॉस्पिटल में है." आपल्या बँकेचं अॅप उघडून शिल्लक स्वतः बघेपर्यंत रिलीजला, म्हणजे नाणी सोडायच्या बटणाला, बोट लावायचं नाही, एवढ्यावर हा भुरटा गारद होतो. त्याची आई ठणठणीत असते.

पैसे देणारा चोर मात्र वेगळ्या जातीचा. तो वेळेवर देतो, पूर्ण देतो आणि भावावर घासाघीस करत नाही. का करेल? आयजीच्या जिवावर बायजी उदार. पैसा दुसऱ्याचा, घाई त्याची. तक्रार नोंदवली जायच्या आत त्याला रुपयाचं नाणं करून हवंय. डॉलरमागे दोन रुपये हा त्याचा धुलाईचा खर्च आहे. आमच्या पोराला तो आपला नफा वाटला.

अॅपचा एस्क्रो असतो ना, सौदा पुरा होईपर्यंत नाणी अॅपच्या ताब्यात, असं पोरगं मला अजूनही सांगतं. असतो की. पण एस्क्रो राखण करतो नाण्यांची. आलेल्या रुपयांची कुळकथा तो विचारत नाही, ती आपणच विचारायची. अॅपवर खरेदीदाराचं नाव एक आणि पैसे आले कुठल्याशा ट्रेडर्सच्या खात्यातून. पोरानं विचारलं होतं बरं का. उत्तर आलं, "जीजाजी का अकाउंट है." मेव्हण्याचा विषय निघाला की आपण पुढे विचारत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. गुरांच्या बाजारात म्हैस विकली तरी पावतीवर घेणाऱ्याचंच नाव लागतं, त्याच्या मेव्हण्याचं लागत नाही. नाव जुळलं नाही तर नाणी सोडायची नाहीत. अॅपवर तक्रार टाकायची आणि पैसे आले त्याच खात्यात परत. ‘या दुसऱ्या नंबरवर परत करा’ म्हणाला तर तो पुढचा सापळा समजायचा. नाव जुळलं तरी खात्री नाहीच, चोराकडे स्वतःच्या नावाचं खातंही असतं. म्हणून पगाराचं खातं या भानगडीत आणूच नये.

थेट विक्रीच्या या मागच्या दाराला एक इतिहास आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली, तेव्हा एक्स्चेंजनी हे पी-टू-पी, म्हणजे माणसानं थेट माणसाला विकणं, पुढे आणलं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मनाई उठवली, पुढचं दार उघडलं, पण लोकांना परसातून यायची सवय लागली होती. मग १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस आला आणि तो चुकवायला मंडळी थेट टेलिग्रामच्या ग्रुपात शिरली. तिथे तर एस्क्रोही नाही. नफ्यावर सरकारचे तीस टक्के ठरलेले, लॉटरीला लागतात तेवढेच. तोटा मात्र कशातून वजा होत नाही, तो सर्वस्वी तुमचा.

पोरगं आता ऑर्डर नंबर, चॅट आणि बँकेचं स्टेटमेंट यांच्या प्रिंट काढून परराज्यातल्या तपास अधिकाऱ्याला मेल करतंय. चॅट तरी त्यानं पुसलं नव्हतं, तेवढीच अक्कल. परवा मधेच कुणा ‘साहेबां’चा फोन आला होता, "पंधरा हजार भेज दो, आज ही अनफ्रीज." तो कट केला, म्हणजे अकलेत थोडी भरही पडली.

काल त्यानं मला अॅपवरचं त्याचं प्रोफाइल दाखवलं. त्या खरेदीदारानं पाच चांदण्या दिल्यात आणि खाली लिहिलंय, ‘फास्ट रिलीज. व्हेरी ट्रस्टेड सेलर.’