मास्तरांचं पात्र मरत नाही

ऑनलाइन रोलप्लेमध्ये गेम मास्टरनं स्वतःचंही पात्र घेऊन खेळावं का, हा वाद डिस्कॉर्ड ॲपपेक्षा जुना आहे आणि मिटण्याची चिन्हं नाहीत. आमची भूमिका स्पष्ट आहे: खेळावं. बिचाऱ्यानं अख्खं जग उभं करायचं, राजापासून खानावळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी संवाद घालायचे, रात्री दोन वाजता ‘मला उगाच मारलं’ म्हणत आलेल्या अकरावीतल्या तलवारबहाद्दराची समजूत काढायची, आणि स्वतः मात्र कधी तलवार उपसायची नाही? हा अन्याय आहे.

ज्यांना हा प्रांत अनोळखी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि सगळे मिळून गोष्ट रचतात. कोणी लिहून, तर कोणी ‘जीटीए फाइव्ह’ या खेळाच्या सर्व्हरवर पोलीस नाहीतर गुंड होऊन, माइकवर बोलत. वार बसला की हुकला, दरोडा पचला की फसला, हे ठरवतो तो गेम मास्टर. काही ठिकाणी त्याला ॲडमिन म्हणतात. म्हणजे नियती, न्यायालय आणि ग्रामपंचायत ही तिन्ही खाती एकाच माणसाकडे. त्यात नायकपदाचा अतिरिक्त कार्यभार त्यानं स्वखुशीनं, विनावेतन सांभाळला, तर लोकांनी आभार मानायला हवेत. पण लोक कुरकुर करतात.

मास्तरांचं पात्र ओळखायला सोपं असतं. ते कमी बोलतं. त्याला एक दुःखद भूतकाळ असतो आणि तो कोणी न विचारता सांगितला जातो. ते गावात पाऊल ठेवतं त्याच आठवड्यात गावच्या विहिरीत प्राचीन तलवार सापडते, आणि ती उचलण्याची अट अशी निघते की उचलणारा अनाथ, डावखुरा आणि करड्या डोळ्यांचा हवा. बाकीचे चौदा जण आपापले उजवे हात बघत राहतात. तुम्ही तीन आठवडे खपून रचलेल्या कटाचा त्याला पहिल्याच मिनिटाला ‘का कोण जाणे, संशय’ येतो. बाहेर कळलेली माहिती तुम्ही खेळात वापरली तर ते मेटागेमिंग, त्याला बॅन. मास्तरांनी वापरली तर ती अंतःप्रेरणा. त्यांचे फासे कोणाला दिसत नाहीत. वीस, म्हणजे सर्वांत मोठं दान, पडल्याचं तेवढं कळतं. टेबलावर खेळणाऱ्या जुन्या मंडळींनी या प्राण्याला ‘डीएमपीसी’, म्हणजे डन्जन मास्टरचं खेळाडू-पात्र, असं नाव दिलं आहे आणि ते लाडानं घेतलं जात नाही.

सर्व्हरवरच्या गुन्हेगारी शहरात तर कारभार फारच सुटसुटीत होतो. टोळीनं तुम्हाला नियमाबाहेर जाऊन लुटलं म्हणून तुम्ही तक्रारीचं तिकीट काढता. तिकीट ज्याच्याकडे जातं तोच टोळीचा म्होरक्या. दोन मिनिटांत निकाल: ‘क्लिप पाहिली. वैध रोलप्ले.’ तिकीट बंद. आपल्या दिवाणी न्यायालयांनी वेगाचा हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा.

या विषयातला गाजलेला खटला १९९७ चा. टेक्सासमधल्या ऑस्टिनची ओरिजिन कंपनी तेव्हा ‘अल्टिमा ऑनलाइन’ बाजारात आणण्याच्या तयारीत होती. खेळाचे जनक रिचर्ड गॅरियट हेच त्या जगाचे राजे, नाव लॉर्ड ब्रिटिश. ऑगस्टमध्ये चाचणी चालू असताना महाराज प्रजेला दर्शन द्यायला अवतरले. महाराज अमर होते, म्हणजे तशी सोय प्रोग्रॅममध्ये केलेली होती. मात्र मध्यंतरी सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला होता आणि अमरत्व पुन्हा चालू करायचं महाराज विसरले होते. गर्दीत रेन्झ नावाचा एक चोर होता. त्यानं कोणाच्या तरी पिशवीतून आगीचा मंत्र लांबवला आणि तो महाराजांवर चालवून पाहिला. महाराज निर्धास्त उभे राहिले. आणि मेले.

पुढचा भाग आम्हाला जास्त आवडतो. राजाच मेल्यावर दरबारातून राक्षस सोडण्यात आले आणि त्यांनी जमलेल्या बघ्यांची कत्तल केली. यथावकाश रेन्झचं खातंही बंद झालं. कंपनीनं खुलासा केला की याचा राजहत्येशी संबंध नाही, त्यानं आधी प्रोग्रॅममधल्या चुकांचा गैरफायदा घेतला होता. आपल्याकडे नकोशा अधिकाऱ्याच्या बदलीच्या आदेशावर ‘प्रशासकीय कारणास्तव’ असं लिहितात, तसंच हे. पण गंमत बघा. लॉर्ड ब्रिटिश त्या दिवशी प्रजेशी काय बोलले ते कोणाला आठवत नाही, त्यांचं मरण मात्र खेळाडू अजून एकमेकांना सांगतात. मास्तरांच्या पात्रानं त्या जगाला दिलेली ती सर्वांत मोठी देणगी, आणि तीही नजरचुकीनं.

गॅरियट निदान मुकुट घालून चारचौघांत उभे होते. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये मुकुट दिसतच नव्हता. तिथे काही अवकाशयानांचे मूळ आराखडे इतके दुर्मीळ, की सामान्य खेळाडूला ते सोडतीत लागले तरच मिळायचे. २००७ मध्ये बाहेर आलं की कंपनीचाच एक कर्मचारी ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या बलाढ्य आघाडीत साधा खेळाडू म्हणून वावरत होता आणि असे आराखडे त्यानं सोडतीची वाट न बघता परस्पर मिळवले होते. बोभाटा झाला. कंपनीनं आपल्याच माणसांवर नजर ठेवणारा विभाग काढला आणि २००८ मध्ये खेळाडूंमधून निवडून आलेलं एक मंडळ नेमलं. कर्मचाऱ्यांच्या खेळण्यावर सरसकट बंदी मात्र घातली नाही, आणि ते शहाणपणाचंच झालं.

कारण कधीच न खेळणारा मास्तर हा दुसरा ताप आहे. त्याला नियमावलीचं पान क्रमांक ठाऊक असतं. पण चार तास राबून मिळवलेलं घर एका ओळीत जाळलं गेलं की पोटात काय होतं ते ठाऊक नसतं. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून घडवलेल्या ‘मड’ या खेळात खेळाडूला विझार्डचे, म्हणजे तिथल्या मास्तरांचे, अधिकार हवे असतील, तर आधी सामान्य माणसासारखं खेळून, जीव वाचवून गुण जमवावे लागत. आज काही सर्व्हरवर संस्थापकाचा शाळासोबती असणं पुरतं.

मास्तरांनी खेळूनही न्याय राखण्याचा उपाय तर खेळाइतकाच जुना आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावरचा रोलप्ले खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याच्या आधीपासूनच त्याच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांना स्वतः खेळायची हौस होती. त्यांनी काय करावं? आपल्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान असलेल्या रॉब कुंट्झ यांच्याकडे मास्टरकी सोपवली, आणि मॉर्डनकायनन नावाचा आपला जादूगार घेऊन समोर खेळाडू म्हणून बसले. निवाडा कुंट्झ यांचा. एवढंच करायचं असतं. ‘पण आमच्याकडे दुसरा मास्तरच नाही,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसरा असतो; पहिल्याला तो सापडू द्यायचा नसतो.

तेव्हा मास्तरांनी अवश्य खेळावं, पण स्वतःच्या पात्राच्या बाबतीत निवाडा दुसऱ्यावर सोडावा आणि ते पात्र इतरांइतकंच सहज मरू द्यावं. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणी एखाद्या सर्व्हरच्या व्हाइटलिस्टचा, म्हणजे प्रवेशयादीचा, दोन पानी अर्ज भरत बसलं असेल, तर त्याला अर्ज धाडण्याआधी तिथे एकच प्रश्न विचारायला सांगा: इथल्या ॲडमिनचं पात्र शेवटचं कधी मेलं? उत्तराऐवजी त्या पात्राचा दुःखद भूतकाळ ऐकवला गेला, तर अर्ज फाडून टाका.