वाटी थांबेल, खुबा थांबत नाही

"वहिनी, अण्णांचा खोकला काल रात्रभर माझ्या खिडकीत ऐकू येत होता. ऑपरेशन सोमवारीच ना?"

"हळू बोला हो सिस्टर! सोमवारीच आहे. गुडघ्याची वाटी बदलायची म्हणून नणंद मस्कतहून रजा काढून आलीय, मेडिक्लेमचं पत्र आलंय, आणि नेमका हा खोकला! हे म्हणतात, दोन दिवस सिरप पाजू. डॉक्टरांसमोर खोकले नाहीत म्हणजे झालं."

भुईगावात आमच्या दोन वाड्यांमध्ये जास्वंदीचं कुंपण आहे आणि आळीचा निम्मा कारभार त्यावरूनच चालतो. पलीकडच्या सिस्टर मुंबईच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जन्म काढून रिटायर झालेल्या. हातातला विळा त्यांनी खाली ठेवला, तेव्हाच मी ओळखलं, आता माझी धडगत नाही.

"कुणापासून लपवताय? भूल देणाऱ्या डॉक्टरपासून? त्याच्या हातात तर अण्णांचा श्वास असणार!"

"पण ताप गेलाय की."

"ताप गेला म्हणून श्वासनळी बरी होत नाही. व्हायरसनं आतलं अस्तर सुजवलेलं असतं, ते काही आठवडे चिडकं राहतं. घशात नळी घातली की आवळतं आणि ऑक्सिजन झर्रकन खाली येतो."

"त्यांना पाठीतच सुई देणार आहेत."

"बरंच आहे, नळी टळली. पण नंतर? म्हातारा माणूस आडवा पडलेला, दुखतंय म्हणून जोरात खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होतो. त्यात वाटी बदलल्यावर पायात गुठळी व्हायची भीती मुळातच असते, आणि कोविड असेल तर रक्त आणखी गोठतं. ती गुठळी फुप्फुसात गेली की..." सिस्टरनी नुसतं बोट आभाळाकडे केलं.

मग गाडी अर्थातच 2020 वर गेली. लोकल बंद, सिस्टर एसटीनं मुंबईला जायच्या; 15 जूनला अत्यावश्यक सेवेसाठी गाड्या सुरू झाल्या तेव्हा कुठे हायसं वाटलं. "त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. 24 देशांतले 1128 पेशंट, ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झालेले. महिन्याभरात जवळजवळ 24 टक्के गेले, निम्म्यांच्या फुप्फुसांना त्रास झाला. बरीचशी तातडीची ऑपरेशनं होती आणि लसही नव्हती. आता तेवढं भयंकर नाही. पुढच्या वर्षी 116 देशांतल्या 1,40,231 पेशंटांचा हिशेब आला. कोविडनंतर सात आठवडे गेले की धोका इतरांइतकाच होतो. पण तेव्हाही लक्षणं उरलेली असतील, तर तो जास्तच राहतो."

मला लगेच गास गावच्या आत्याबाई आठवल्या. (आठवणारच, त्यांच्याबद्दल बोलायला कुणाला आवडत नाही?) "मग त्या पॉझिटिव्ह असताना त्यांचं दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन कसं केलं? सगळी आळी म्हणत होती, पैसे उकळायला केलं."

"आळीचं काय जातं! बाई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. खुब्याला थांबवणंच महागात पडतं. शक्यतो 48 तासांच्या आत हाड बसवायचं. नाहीतर पडून पडून न्यूमोनिया, गुठळ्या, पाठीला जखमा. तिथे दोन्हीकडे धोका, त्यातला कमी तो पत्करला. आता चालतायत ना वॉकर घेऊन?"

"चालतात कसल्या! सुनेच्या कालवणाला नावं ठेवत सगळी गल्ली फिरतात."

"बघा! अण्णांचा गुडघा काही मोडलेला नाही, झिजलाय. दहा वर्षं दुखतोय, अजून महिनाभर दुखेल. ते थांबू शकतात, आत्याबाई थांबू शकत नव्हत्या."

"म्हणजे आता सात आठवडे?"

"तो तेव्हाचा हिशेब, आणि तोही कोविडचा. साधी सर्दी आहे, फ्लू आहे की कोविड, आधी तपासा. किती थांबायचं ते भूलतज्ज्ञ छाती तपासून सांगतील. आणि सिरपची बाटली दडवू नका, बरोबर न्या."

"नणंदेची रजा संपेल हो!"

"तिची रजा वाढवता येईल. मेडिक्लेमचं पत्रही नव्या तारखेचं मागता येतं. आणि सोमवारी त्याच वॉर्डात दुसऱ्याही कुणाची वाटी बदललेली असेल, त्याला कशाला अण्णांचा खोकला द्यायचा? जा, आत्ताच फोन लावा. आज शनिवार आहे, एक वाजता ओपीडी बंद होते."